बंद केलेली प्रोसेस रात्री २.१३ ला जिवंत कशी झाली? कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, प्रोसेसबद्दल नेमकं विचारायचं तरी काय?

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. नागपुरात धंतोली भागातल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर मी सांभाळतो. शुक्रवारी रात्री जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

लॅबमध्ये तपासणीची १६ मशिनं आहेत. प्रत्येक मशिनमागे सर्व्हरवर एक कन्व्हर्टर प्रोसेस, म्हणजे चालू असलेला एक प्रोग्रॅम, असते. मशिनचा निकाल वाचायचा, डेटाबेसमध्ये टाकायचा, रिपोर्ट तयार करायचा, एवढंच तिचं काम. ही कन्व्हर्टर मंडळी अधूनमधून अडकतात आणि एका कोअरवर शंभर टक्के बसून राहतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक राखणदार स्क्रिप्ट लिहिली. दर १० सेकंदांनी ती प्रत्येक कन्व्हर्टरचा पीआयडी (कर्नलने प्रोसेसला दिलेला नंबर) फाइलमधून वाचते, चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या 'पीएस' कमांडला त्या नंबरचा सीपीयू विचारते आणि आकडा ९० च्या वर असला की 'किल -९' मारते, म्हणजे प्रोसेसला जागच्या जागी संपवते.

शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी मशिन ९ सर्व्हिसिंगसाठी काढलं आणि त्याचा कन्व्हर्टर मी स्वतः हाताने बंद केला. पीआयडीची फाइल तशीच राहिली. त्यानंतरचा लॉग असा:

२.१३.२० – मशिन ९ – पीआयडी १८४२३ – बंद
२.१३.३० – मशिन ९ – पीआयडी १८४२३ – बंद
२.१३.४० – मशिन ९ – पीआयडी १८४२३ – सीपीयू ९७.० – अडकली – किल ९

याच क्षणी डेटाबेसची सगळी कनेक्शनं तुटली. डेटाबेस दोन मिनिटांत सावरला, पण काउंटरवरचं सॉफ्टवेअर परत जोडलं गेलं नाही. खाली छातीत दुखतंय म्हणून आणलेला एक पेशंट होता. त्याच्या ट्रोपोनिनचा (हार्ट अटॅकसाठीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट २० मिनिटं उशिरा गेला. पेशंट आता बरा आहे, हे आधी सांगतो. पण ती २० मिनिटं माझ्या स्क्रिप्टमुळे गेली असं मला वाटतंय आणि मला ते नक्की कळायला हवं.

सात तास बंद असलेली प्रोसेस ९७ टक्के सीपीयू कसा खाईल? कर्नल ३.१०, डेटाबेस पोस्टग्रेस.

मानकापूर_४५ · रविवार, रात्री ११.०२

नवतपा सुरू आहे, पारा ४५ च्या वर. सर्व्हर रूमचा एसी चालू होता का? आमच्याकडे मागल्या मे महिन्यात असाच गोंधळ झाला होता, शेवटी रॅम निघाली.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · रविवार, रात्री ११.०६

दोन्ही एसी चालू होते. तापमानाची नोंद पाहिली, २३ च्या आसपास. मेमरीच्या चुकांचीही नोंद कुठे नाही.

वर्धारोड · रविवार, रात्री ११.१५

भाऊ, प्रोसेस जिवंत नाही झाली. नंबर तोच, माणूस दुसरा.

तुमच्याच लॅबच्या काउंटरवर पाहा. सकाळी टोकन ४२ एका आजोबांना दिलं, ते रक्त देऊन घरी गेले. दुपारी ४२ दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे. तुम्ही सकाळची चिठ्ठी घेऊन दुपारी "४२ नंबर, चला" म्हणून ओरडून राहिले. जो उठला त्याला सुई टोचली. पीआयडी तसंच टोकन आहे. प्रोसेस गेली की नंबर मोकळा, फिरून कोणालाही मिळतो.

डेटाबेसच्या लॉगमध्ये पाहा, १८४२३ दिसतो का.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · रविवार, रात्री ११.३१

दिसतो. "सर्व्हर प्रोसेस १८४२३ सिग्नल ९ ने संपली" अशीच ओळ आहे, वेळ २.१३.४०. महिन्याचा गोषवारा काढणारी मोठी क्वेरी रात्री सव्वादोनच्या सुमारास लागते, तिचं ते कनेक्शन होतं.

म्हणजे मीच मारलं.

पण एक कळत नाही. ३२,७६८ नंबर आहेत. सात तासांत तोच नंबर परत यायला इतक्या प्रोसेस आल्या कुठून? रात्री लॅबमध्ये दोन माणसं असतात.

प्रज्ञा_सदर · सोमवार, सकाळी ६.४०

पोस्टग्रेसने सगळी कनेक्शनं का तोडली ते आधी सांगते, नाहीतर दोष भलतीकडे जाईल. त्याच्या सगळ्या प्रोसेस एकाच सामायिक मेमरीवर काम करतात. एक जण 'किल -९' ने मेला तर तो मेमरीत काय अर्धवट सोडून गेला हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्यांना घरी पाठवते आणि नोंदवहीवरून डेटा सावरते. ते वागणं बरोबरच आहे.

आता नंबरांचं. तुमच्या स्क्रिप्टमधला आतला लूप इथे टाकाल का? एका मशिनसाठी किती कमांड चालतात ते मोजायचं आहे.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · सोमवार, सकाळी ७.२५

फाइल वाचायला 'कॅट', मग 'पीएस', त्याला 'ग्रेप', मग 'ऑक', आकड्याचा पूर्णांक करायला 'कट', तुलनेसाठी 'बीसी', लॉगसाठी 'डेट'. एका मशिनला सात.

प्रज्ञा_सदर · सोमवार, सकाळी ७.५०

मग उत्तर तुमच्या हातात आहे. सात गुणिले १६ म्हणजे दर १० सेकंदांना ११२ नव्या प्रोसेस. सेकंदाला साधारण ११. कर्नल नंबर चढत्या क्रमाने देत जातो आणि ३२,७६८ ला पोचला की परत ३०० पासून सुरू करतो. म्हणजे एका फेरीत सुमारे ३२,४६८ नंबर. भागाकार केला तर ४८ मिनिटं येतात.

नंबर संपवणारी तुमची राखणदार स्क्रिप्टच आहे. संध्याकाळी ७.०५ ते रात्री २.१३ या वेळात आठ फेऱ्या पूर्ण होऊन नववी चालू असणार. दर फेरीत १८४२३ हा नंबर कोणाला तरी मिळाला, पण बहुतेक वेळा तो तुमच्याच एखाद्या 'ग्रेप'ला किंवा 'डेट'ला मिळाला. ती चार-दोन मिलिसेकंद जगते, म्हणून दहा सेकंदांनी डोकावणाऱ्या स्क्रिप्टला नंबर "बंद" दिसत राहिला. नवव्या फेरीत तो जास्त जगणाऱ्याच्या वाट्याला आला.

नवीन सिस्टिमडी (लिनक्सवर बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ६४-बिट मशिनवर ही मर्यादा ४१,९४,३०४ पर्यंत नेतं, २४३ व्या आवृत्तीपासून. तुमचं मशिन जुनं आहे, तिथे ३२,७६८ च असणार. मात्र मर्यादा वाढवली म्हणजे चूक सुधारली असं समजू नका, तुमच्याच वेगाने चार-साडेचार दिवसांत तीही फेरी पूर्ण होईल.

अजून एक प्रश्न राहतो. ९७ टक्के कुठून आले?

वर्धारोड · सोमवार, सकाळी ८.३०

ते मी सांगतो, कारण यात मीही एकदा फसलो आहे. 'पीएस'चा सीपीयूचा आकडा आत्ताचा नसतो. प्रोसेस जन्मल्यापासून तिने एकूण किती सीपीयू खाल्ला, भागिले जन्मापासून किती वेळ झाला, एवढंच ते दाखवते. आयुष्यभराची सरासरी.

भाऊ, तुमची क्वेरी तेव्हा तीन सेकंदांची असेल. तीनपैकी २.९१ सेकंद सीपीयूवर होती, झाले ९७ टक्के. जन्मल्याबरोबर मन लावून काम करणारी प्रोसेस 'पीएस'मध्ये अशीच दिसते. उलट पाहा. कन्व्हर्टर दहा तास निवांत बसला, नंतर पाच मिनिटं खरोखर लूपमध्ये अडकला. ३०० सेकंद भागिले ३६,३००. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, ०.८. तुमची स्क्रिप्ट त्याला पावणेचार दिवस हात लावणार नाही.

'टॉप' ही कमांड मात्र दोन वेळा वाचते आणि मधला फरक दाखवते. म्हणून त्या दोघांचे आकडे जुळत नाहीत. दोन्ही खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · सोमवार, सकाळी ९.०५

दोन वर्षांत स्क्रिप्टने जवळपास ४० वेळा किल मारलं आहे. आता ते सगळे लॉग परत वाचतो. बहुतेक किल कन्व्हर्टर सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटातच दिसतात. म्हणजे ते अडकलेलेच नव्हते, सकाळी साचलेले निकाल वाचत होते.

मला हे मुळापासून नीट करायचं आहे. 'पीएस'चं छापील उत्तर कापून-जोडून नाही. कर्नलकडून थेट माहिती कशी घ्यायची ते सांगा.

अजनीकर · सोमवार, सकाळी ११.२०

मी निवृत्त माणूस. इथल्या एका सरकारी कंपनीच्या संगणक विभागात ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून होतो. "कर्नलकडून थेट" हे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

आमच्या वेळी 'पीएस' अक्षरशः कर्नलच्या मेमरीत हात घालत असे. आधी कर्नलची फाइल उघडायची, तिच्या चिन्हांच्या यादीतून प्रोसेसच्या तक्त्याचा पत्ता काढायचा, मग '/डेव्ह/केमेम' उघडून त्या पत्त्यावर जायचं आणि तिथले बाइट उचलायचे. त्या बाइटांना काय म्हणायचं हे 'पीएस'ला संकलनाच्या वेळीच शिकवलेलं. कर्नल नवा बांधला आणि चालू मात्र जुन्याच फाइलवरून केला, की पत्ता चुकणार. पडद्यावर तक्त्याऐवजी कचरा. एकदा मी कर्नलमधला एक आकडा बदलून सिस्टिम परत सुरू केली, 'पीएस' परत बांधायला विसरलो, आणि पूर्ण दुपार मशिन बिघडलं म्हणून धावपळ केली. मशिन ठणठणीत होतं.

शिवाय ज्याला केमेम वाचता येतं त्याला सगळंच वाचता येतं. दुसऱ्याच्या टर्मिनलवर टाइप होत असलेला पासवर्डसुद्धा तिथेच कुठेतरी पडलेला. म्हणून 'पीएस'ला वेगळ्या गटाचा विशेष अधिकार द्यावा लागे, आणि त्या प्रोग्रॅममधली एक चूक म्हणजे सगळं घर उघडं.

१९८४ साली बेल लॅब्जमधल्या टॉम किलियन यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत प्रोसेसना फाइलींचं रूप दिलं. '/प्रॉक' नावाची डिरेक्टरी, आत प्रत्येक चालू प्रोसेसच्या नंबराची एक फाइल. तेव्हा त्या फाइलीत प्रोसेसची मेमरी दिसे आणि मुख्य उपयोग डीबगरला (प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या साधनाला) होता. पुढे बेल लॅब्जच्याच प्लॅन ९ या सिस्टिममध्ये फाइलीची डिरेक्टरी झाली आणि आत वाचता येईल असा मजकूर आला. लिनक्सने तीच वाट घेतली. त्यामुळे आज साधं 'कॅट' चालवून कर्नलशी बोलता येतं. ज्यांनी केमेम पाहिलं आहे त्यांना याची किंमत कळेल.

अ‍ॅडमिन, तुमच्या मशिनवर '/प्रॉक/सेल्फ/स्टॅट' वाचून पाहा. फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस'ला त्या फाइलीचा आकार शून्य दिसेल. डिस्कवर ती नाहीच. तुम्ही वाचता त्या क्षणी कर्नल ती ओळ तयार करून हातावर ठेवतो.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · सोमवार, दुपारी १.१०

काका, पाहिलं. एकच लांब ओळ आली. नंबर, कंसात नाव, एक अक्षर, मग आकडेच आकडे.

प्रज्ञा_सदर · सोमवार, दुपारी २.००

त्या ओळीतले चार रकाने तुमच्या कामाचे. १४ वा रकाना म्हणजे प्रोसेसने स्वतःच्या कोडमध्ये घालवलेला सीपीयू, १५ वा म्हणजे तिच्यासाठी कर्नलने घालवलेला. दोन्ही टिकमध्ये (कर्नलचं वेळ मोजायचं एकक), आणि एका सेकंदाला साधारणपणे १०० टिक. तरी १०० हा आकडा कोडमध्ये ठोकून बसवू नका, 'सिसकॉन्फ' या फंक्शनला विचारून घ्या. तिसरा रकाना अवस्था सांगतो.

२२ वा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मशिन सुरू झाल्यापासून किती टिकनंतर ही प्रोसेस जन्मली तो आकडा. घड्याळ मागेपुढे केलं तरी तो हलत नाही. वर्धारोड यांच्या टोकनचा दाखला पुढे न्यायचा तर हा टोकन दिल्याची वेळ झाली. ४२ नंबर, सकाळी ९.१० चा. दुपारचा ४२ लगेच वेगळा ओळखता येतो. तुमच्या फाइलीत नुसता पीआयडी नको, पीआयडी आणि २२ वा रकाना अशी जोडी ठेवा. मशिन परत सुरू झालं तर जोडी फसू नये म्हणून '/प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी' मधला मजकूरही सोबत ठेवा. दर बूटला तो नवा असतो.

नावावर भरवसा ठेवू नका. कंसातलं नाव १५ अक्षरांना कापलं जातं आणि प्रोसेस ते स्वतः बदलू शकते. पूर्ण कमांडची ओळही ती बदलू शकते, पोस्टग्रेस तर मुद्दाम बदलतं, कोणतं कनेक्शन काय करतंय ते कळावं म्हणून.

तिसरं_वर्ष_सीएस · सोमवार, दुपारी ३.४५

ताई, मी विद्यार्थी आहे. हे वाचून लगेच पायथनमध्ये लिहिलं. ओळ वाचली, मोकळ्या जागांवर तोडली, १४ वा आणि १५ वा घेतला. बहुतेक प्रोसेसना बरोबर येतं, पण एका ठिकाणी भलतेच आकडे येतात. ती टीमक्सची (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रोसेस आहे.

प्रज्ञा_सदर · सोमवार, दुपारी ४.०५

छान सापडलं तुम्हाला. टीमक्सच्या सर्व्हरचं नाव 'टीमक्स: सर्व्हर' असं आहे, मध्ये मोकळी जागा. म्हणून तुमचे सगळे रकाने एकाने सरकले. सिस्टिमडीची '(एसडी-पॅम)' ही प्रोसेसही लक्षात ठेवा. तिच्या नावातच कंस आहेत, त्यामुळे ओळीत दुहेरी कंस दिसतात. नावात काहीही असू शकतं. ओळीतला शेवटचा बंद कंस शोधा, डावीकडचं सगळं नाव समजा आणि त्याच्या उजवीकडून तोडायला सुरुवात करा. उजवीकडचा पहिला तुकडा म्हणजे रकाना ३.

आणखी एक. प्रॉकची यादी घेतली आणि मग एकेक फाइल उघडायला गेलात, की मधल्या काळात काही प्रोसेस गेलेल्या असणार. कधी उघडतानाच "फाइल नाही" येईल. कधी उघडेल आणि वाचताना "अशी प्रोसेस नाही" येईल. दोन्ही वेळा शांतपणे पुढच्या नंबरावर जा. तो बिघाड नाही, चालत्या गाडीतून माणसं मोजताना असं होणारच.

गोरेवाडा · सोमवार, संध्याकाळी ६.३०

दुसऱ्या घराण्याची रीत सांगतो, कारण माझं पोट फ्रीबीएसडीवर चालतं. आमच्याकडे प्रॉक मुळात बसवलेलंच नसतं. 'सिसकंट्रोल'मधून कर्नलला विचारतो, सगळ्या प्रोसेसचा तक्ता दे. एकाच हाकेत पूर्ण तक्ता, ठरलेल्या आकाराच्या नोंदींचा. मजकूर वाचून तोडायची भानगड नाही, नावातल्या कंसांचा त्रास नाही.

त्याची वेगळी अडचण आहे. तक्ता ठेवायला किती जागा लागेल हे आधी विचारावं लागतं. कर्नल सांगतो इतके बाइट. तुम्ही तेवढी जागा घेऊन परत येईपर्यंत दहा प्रोसेस वाढलेल्या असतात, आणि मग "जागा पुरत नाही" असं उत्तर येतं. कर्नल अंदाजात थोडी भर घालूनच सांगतो, तरीही धावपळीच्या मशिनवर ती कमी पडू शकते. त्यामुळे विचारा, जागा घ्या, मागा, कमी पडली तर परत विचारा, असा लूप लिहावाच लागतो. मॅकवरही हीच पद्धत. विंडोजच्या खालच्या थरातलं फंक्शनही छोटी जागा दिली की लांबी जुळत नाही म्हणून परत पाठवतं.

ओपनबीएसडीने तर २०१५ मध्ये ५.७ आवृत्तीतून प्रॉक काढूनच टाकलं.

मुद्दा एवढाच, की कुठलाही कर्नल तुमच्यासाठी जग थांबवून फोटो काढत नाही. उत्तर हातात पडतं तेव्हा ते जुनं झालेलं असतं.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · सोमवार, रात्री ९.१५

गोरेवाडा भाऊ, याच वाक्यावर अडलो आहे. समजा मी पीआयडी वाचला, २२ वा रकाना जुळवला, बरोबर निघाला. आता किल मारतो. या दोन्हींच्या मध्ये प्रोसेस मेली आणि नंबर दुसऱ्याला गेला तर? वेळ फार थोडा आहे हे मान्य. पण शुक्रवारनंतर "बहुधा होणार नाही" यावर मला झोप लागणार नाही.

गोरेवाडा · सोमवार, रात्री ९.४०

बरोबर विचारलंत. नव्या लिनक्समध्ये याला नेमका उपाय आहे, पीआयडीएफडी. नंबर देऊन त्या प्रोसेसचा एक हँडल उघडायचा. मग २२ वा रकाना तपासायचा. जुळला तर सिग्नल नंबरला नाही, हँडलला द्यायचा. हँडल त्याच प्रोसेसला बांधलेला राहतो. ती मेली तर "अशी प्रोसेस नाही" एवढंच उत्तर येईल, दुसऱ्याच्या अंगावर काही जाणार नाही. आधी हँडल, मग तपासणी, मग सिग्नल, हा क्रम मात्र मोडू नका. कर्नल ५.३ लागतो. पायथनमध्ये ३.९ पासून मिळतं.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · सोमवार, रात्री ९.४४

माझा कर्नल ३.१० आहे. मशिनसोबत आलेलं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. बदलायचा म्हटलं तर चार-सहा महिने जातील.

अजनीकर · मंगळवार, सकाळी ६.१५

मग जुन्या कर्नलला जुना उपाय, आणि तो सुरुवातीच्या काळापासून युनिक्समध्ये आहे.

झोंबी प्रोसेस दिसली की लोक घाबरतात, साफ कशी करायची म्हणून विचारतात. ती कशासाठी असते ते पाहा. मूल मेलं तरी त्याची नोंद तक्त्यातून पुसली जात नाही. आईने 'वेट' म्हणून त्याची शेवटची खबर घेईपर्यंत कर्नल ती नोंद धरून ठेवतो, आणि नोंद आहे तोवर तो नंबर दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. संपूर्ण मशिनमध्ये आई हीच एक प्रोसेस अशी आहे की जिला मुलाच्या नंबराबद्दल कधीच शंका नसते. तिने 'वेट' केलेलं नाही, म्हणजे नंबर त्याचाच.

तुमची राखणदार परकी आहे. चिठ्ठीवरचा नंबर घेऊन बाहेरून येते. तिला आई करा. कन्व्हर्टर तिनेच सुरू करावेत आणि सिग्नल फक्त स्वतःच्या मुलांना, 'वेट' करण्याआधी द्यावा. पीआयडीच्या फाइली जाळून टाका, त्यांची गरजच राहणार नाही.

प्रज्ञा_सदर · मंगळवार, सकाळी ७.३०

काकांचं म्हणणं अक्षरशः पाळा. माझ्याकडून दोन गोष्टी.

तुमची स्क्रिप्ट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालत होती. नाहीतर पोस्टग्रेसच्या प्रोसेसला ती मारूच शकली नसती. पोस्टग्रेस वेगळ्या युजरखाली चालतं, आणि साध्या युजरला कर्नलने "परवानगी नाही" म्हणून तिथेच अडवलं असतं. कन्व्हर्टर आणि राखणदार दोघांनाही लॅबच्या एकाच साध्या युजरखाली आणा. आज दुसरं काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

दुसरं, सीपीयू जास्त म्हणजे अडकली, हा निष्कर्ष कर्नलने काढलेला नाही, आपण काढला. कर्नल एवढंच सांगतो की तिने इतके टिक खाल्ले. ती निकाल वाचतेय की एकाच जागी फिरतेय हे त्याला दिसत नाही. कन्व्हर्टरने दर निकालानंतर एक आकडा कुठेतरी लिहावा. सीपीयू चढलेला आणि आकडा मिनिटभर हललेला नाही, असं दोन्ही असेल तेव्हाच हात उचला. आणि आधी साधा सिग्नल १५ द्या, सावरायला वेळ द्या. ९ सगळ्यात शेवटी.

तिसरं_वर्ष_सीएस · मंगळवार, सकाळी १०.२०

ताई, एक विचारू का? तिसऱ्या रकान्यात 'डी' असलेली एक प्रोसेस कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. 'किल -९' देऊनही मरत नाही.

वर्धारोड · मंगळवार, सकाळी १०.५५

'डी' म्हणजे ती कर्नलच्या आत डिस्कची किंवा नेटवर्कवरल्या फोल्डरची वाट पाहून राहिली आहे, मध्येच उठवता येत नाही अशा झोपेत. तुमचा सिग्नल तिच्या दारात पडून आहे, उठल्यावर घेईल. प्रोसेस सोडा, ती ज्याची वाट पाहते ते शोधा. नेटवर्कवरचा सर्व्हर बंद पडला नाही ना ते आधी पाहा.

मानकापूर_४५ · मंगळवार, दुपारी १२.१०

मेमरीचंही विचारून घेतो. आमच्या सर्व्हरवर सगळ्या प्रोसेसच्या आरएसएसची (प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेल्या जागेची) बेरीज ९० जीबी येते, रॅम ६४ आहे. कोण खोटं बोलतंय?

प्रज्ञा_सदर · मंगळवार, दुपारी १२.४०

कोणीच नाही. वाटून घेतलेली मेमरी प्रत्येकीच्या नावावर पूर्ण मोजली जाते. वाटणीने हिशेब हवा असेल तर पीएसएस पाहा, '/प्रॉक'मधल्या 'एसमॅप्स_रोलअप' फाइलीत एका ओळीत मिळतो, कर्नल ४.१४ पासून.

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · शनिवार, रात्री ११.५५

चार रात्री बसून लिहिलं. पायथनमध्ये ९० ओळी झाल्या. राखणदार आता १६ कन्व्हर्टरांची आई आहे, लॅबच्या साध्या युजरखाली चालते. दर ३० सेकंदांनी प्रत्येक मुलाची स्टॅट ओळ थेट वाचते, एकही बाहेरची कमांड न चालवता. म्हणजे सेकंदाला ज्या ११ प्रोसेस जन्मत होत्या त्या आता शून्य. चाचणीतलं मशिन ४ च्या कन्व्हर्टरचं उदाहरण देतो. पहिल्या वाचनात टिक ८८,२१४, तीस सेकंदांनी ९१,१९०. फरक २,९७६ भागिले ३,०००, म्हणजे ९९.२ टक्के. जुन्या स्क्रिप्टने लगेच मारलं असतं. नवीने निकालांचा आकडा पाहिला, तो पुढे सरकत होता, म्हणून हात लावला नाही. सकाळी साचतात तसेच निकाल होते. सहा मिनिटांत सीपीयू खाली आला.

पण लॅबमध्ये लावण्याआधी शुक्रवारची चूक डोळ्यांनी पाहायची होती. वापरात नसलेल्या एका जुन्या मशिनवर तोच कर्नल टाकला आणि '/प्रॉक/सिस/कर्नल/पीआयडी_मॅक्स' मध्ये १००० लिहिलं. आता एका फेरीत सातशेच नंबर. जुनी स्क्रिप्ट चालू केली, एक कन्व्हर्टर सुरू केला, त्याला ६१२ मिळाला, आणि हाताने बंद केला. शेजारच्या टर्मिनलवर थोडा वेळ जोरात सीपीयू खाणारे छोटे प्रोग्रॅम एकामागून एक सोडत राहिलो. लॉगमध्ये "६१२ – बंद", "६१२ – बंद". चौथ्या फेरीत "६१२ – सीपीयू ९८.० – अडकली – किल ९". शेजारच्या टर्मिनलवरचा प्रोग्रॅम गेला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन वर्षं ही स्क्रिप्ट मी लॅबमध्ये चालवली.

मग त्याच मशिनवर नवी राखणदार. कन्व्हर्टरला या वेळी ५३८ मिळाला. त्याला मारलं आणि तपासणीपुरतं 'वेट' मुद्दाम लांबवलं. स्टॅट ओळीत तिसऱ्या रकान्यात 'झेड', म्हणजे झोंबी, आला. अजनीकर काका, तुम्ही सांगितलं तेच. नंबर फिरवत राहिलो, दहा फेऱ्या झाल्या. ५३७ कितीतरी जणांना मिळाला, ५३९ मिळाला, ५३८ कोणालाच नाही. तो तिथेच 'झेड' म्हणून उभा.

मग राखणदाराला 'वेट' करू दिलं. ओळ गेली. पुढच्याच फेरीत ५३८ एका 'डेट' कमांडला मिळाला.

उद्या रविवारी पहाटे ५ वाजता लॅबमध्ये लावतो आहे. तेव्हा नमुने सगळ्यात कमी असतात. जुनी पीआयडी फाइलींची डिरेक्टरी आत्ताच काढून टाकली.

अजनीकर · रविवार, सकाळी ५.४०

लागलं का?

धंतोलीचा_अ‍ॅडमिन · रविवार, सकाळी ६.०५

लागलं काका. सोळाही चालू आहेत. मशिन ९ सर्व्हिसिंगहून कालच परत आलं, तेही धरून.